शेरा: आजारी

५ मार्च, बुधवार
दोन्ही अर्ज आज टपालात टाकले. एक समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा, दुसरा फौजदारी न्यायाचा. दोन्हीकडे 'मला हेच का शिकायचं आहे' यावर निबंध मागितला होता. मी एकच निबंध लिहिला आणि फक्त शेवटचा परिच्छेद बदलला. बाबा म्हणाले, "म्हणजे दोन स्थळांना एकच पत्रिका." मी हसले खरी, पण मनाला लागलं. वय एकतीस, सात वर्षं एकाच खुर्चीत बसलेली मी. आता हलले नाही तर कायमची तिथेच रुजेन.

खुर्ची महिला तुरुंगाच्या मुलाखत कक्षाच्या खिडकीतली. भेटीला आलेल्याचं नाव लिहायचं, पिशवी तपासायची, आत निरोप धाडायचा, टेबल नेमून द्यायचं आणि वीस मिनिटांनी घंटा वाजवायची. मलाही सगळे 'खिडकी'च म्हणतात. "खिडकीला विचारा." "खिडकी जेवायला गेलीय."

आज शिवणकाम करणाऱ्या काकू सलग तिसऱ्या बुधवारी आल्या. त्यांची मुलगी आत आहे. मोटार चालवताना तिच्या हातून एक सायकलवाला गेला, ती न थांबता निघून आली. मोटार कुठे लपवली आहे ते पोलिसांना काकूंनीच सांगितलं. मुलीला आत चार वर्षं झाली. तिची बदली आमच्याकडे झाल्यापासून काकू दर बुधवारी दोन बस बदलून येतात आणि मुलगी भेटायला येत नाही. आतल्या दारावरची रक्षक, आम्ही तिला कुलूपताई म्हणतो, जाऊन विचारते आणि परत येऊन मान हलवते.

आज कुलूपताईने मान हलवली तेव्हा काकू पदराने चष्मा पुसत होत्या. मागच्या दोन वेळा मी 'येत नाही म्हणाली' असं सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा त्या बाकावर बसून पाऊण तास रडल्या होत्या. आज माझ्याच्याने सांगवेना. म्हटलं, "तिला जरा कणकण आहे काकू. पडून आहे." त्यांचा चेहरा असा सैल झाला! ताप ऐकून कोणाला बरं वाटताना मी पहिल्यांदा पाहिलं.

रजिस्टरमध्ये शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथे 'नकार' लिहायचं असतं. पण काकू त्याच ओळीत सही करतात, चष्मा लावून नीट वाचतात. म्हणून 'आजारी' लिहिलं. एका शब्दाने काय होतंय.

९ मार्च, रविवार
आईचा फोन. रविवारी येतोच. आज सकाळी साडेनऊलाच आला, मागच्या वेळी संध्याकाळी होता. मी समोर भाजी निवडत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. बाबा म्हणाले, "अगं, ती आत्ताच बाहेर पडली." मग हवापाणी, बाबांचा गुडघा वगैरे. पाच मिनिटांत संपलं.

मी सोळा वर्षांची असताना आई घर सोडून गेली. कोणासाठी नाही, कोणाशी भांडून नाही. 'मला इथे श्वास घेता येत नाही' म्हणाली आणि दुसऱ्या गावी खोली घेतली. मी त्यावर विचार करत बसत नाही. बाबांचं एक बरं आहे, ते मला समजावायला जात नाहीत. माझं काम सोपं करतात.

१४ मार्च, शुक्रवार
फौजदारी न्यायाची मुलाखत झाली. तीन जण होते, मधले निवृत्त न्यायाधीश. फार सभ्य. पुढे कोणत्या पदावर जायचंय विचारलं. मी म्हटलं, तुरुंग प्रशासनात. बाबाही तुरुंगातच हवालदार होते, तीस वर्षं फाटकावर, हे सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मते तुरुंगातलं सर्वांत महत्त्वाचं साधन कोणतं?" मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "नोंद." बाबांचंच वाक्य, ते म्हणायचे, कुलूप तुटलं तर दुसरं मिळतं, नोंद चुकली तर माणूस हरवतो. न्यायाधीशांनी मान डोलावली, शेजारच्याने काहीतरी लिहून घेतलं. बाहेर पडताना अगदी हवेत होते.

२६ मार्च, बुधवार
काकू आज पिशवीभर औषधं घेऊन आल्या. काढ्याची पूड, तापाच्या गोळ्या, छातीला चोळायचं मलम. औषधं आत देता येत नाहीत. सगळी परत दिली. "मग तुम्ही निदान तिला विचारा, खोकला कोरडा आहे की ओला?" मी म्हटलं, विचारते. आत जाऊन पाणी पिऊन आले आणि म्हटलं, "कोरडा."

कुलूपताई माझ्याकडे बघतच राहिली. नंतर म्हणाली, "खिडकी, तू डॉक्टर कधी झालीस?"
"अगं, म्हातारी रडते."
"रडू दे की. तिचं रडणं आहे."
तिला काय जातंय बोलायला. ती दाराच्या आत असते, समोर मी असते.

२९ मार्च, शनिवार
समाजकार्याची मुलाखत. एकच बाई होत्या, वयस्कर, कानाला यंत्र. खोली लहान, खिडकीत झाडांच्या कुंड्या, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी निबंध बाजूला सारला. विचारलं, "समोर बसलेला माणूस रडायला लागला तर काय करता?"
मी सांगितलं, पाणी देते, पाठीवर हात ठेवते, त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलते, रडू थांबेपर्यंत त्याला सोडत नाही.
"आणि थांबलंच नाही तर?"
"थांबतं ना," मी म्हटलं. "माझ्या समोर तरी थांबतंच."
त्या हसल्या, "बरं," म्हणाल्या, आणि त्या यंत्राला हात लावून म्हणाल्या, "हे कधी कधी शिट्टी मारतं, मनावर घेऊ नका." मुलाखत संपली! मला वाटतं छान झाली. हा माझा स्वभावच आहे, यात त्या वेगळं काय शिकवणार, असंही वाटलं.

१२ एप्रिल, शनिवार
दोन्हीकडून होकार. एकाच दिवशी! एकतीस मेपर्यंत कळवायचं आहे.

अधीक्षक मॅडमनी आज बोलावून सांगितलं की फौजदारी न्याय घेतलंस तर खात्याची दोन वर्षांची अभ्यासरजा मिळेल, परत आल्यावर अधिकारीपदाच्या परीक्षेला बसता येईल. समाजकार्याला रजा नाही. ते करायचं तर दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, तीन वर्षं. मॅडम बोलायला तोलूनमापून. म्हणाल्या, "तुझी रजिस्टरं मी इतरांना नमुना म्हणून दाखवते." मान खाली घालून ऐकलं.

बाबा खूश. त्यांना कधी अधिकारी व्हायला मिळालं नाही. युनिफॉर्मचा जुना पट्टा काढून पुसत बसले होते. विचारलं तर म्हणाले, बुरशी येते.

सगळं कसं सरळ दिसतंय. मग मी हो का म्हणत नाही?

२३ एप्रिल, बुधवार
'आजारी'चा आठवा बुधवार. आता मला काही ठरवावंच लागत नाही. काकू येतात, मी सांगते, त्या मान डोलावतात. घरी विणलेला एक मोजा दाखवला, दुसरा चालू आहे. "ताप पायातून चढतो," म्हणाल्या. त्या आता रडत नाहीत. जाताना मला आशीर्वाद देऊन जातात. त्यांच्याकडे बघून वाटतं, चुकीचं काय केलं मी?

फक्त त्या आशीर्वाद देतात तेव्हा मी काहीतरी लिहीत असल्याचं दाखवते.

६ मे, मंगळवार
आज मुदतपूर्व सुटकेची समिती बसली होती. काकूंच्या मुलीचं प्रकरण पहिलंच होतं. वागणूक चांगली, शिक्षेचा मोठा भाग भोगून झालेला. सगळे म्हणत होते, सुटणार.

नाही सुटली. कुलूपताई तिला घेऊन गेली होती, तिने सगळं ऐकलं. समितीने मुलाखतीचं रजिस्टर मागवलं. त्यात नऊ आठवडे 'आजारी'. मग दवाखान्याची वही मागवली. तिथे एकही नोंद नाही. समितीतल्या एकाने तिला विचारलं, "आईला भेटायला नको म्हणून आजाराचं सोंग करत होतीस?" ती म्हणाली, "मी कधीच आजारी नव्हते. मी आजारी आहे असं म्हटलंही नाही." ते म्हणाले, म्हणजे रजिस्टर खोटं बोलतंय का? सहा महिने पुढे ढकललं, आणि तिच्या कागदावर लिहिलं, 'वृत्ती अप्रामाणिक'.

कुलूपताईने हे मला सांगितलं, डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. "मी कोणाला सांगणार नाही," म्हणाली. "पण तू मला काही विचारूही नकोस."

७ मे, बुधवार
काकू आल्या. "आज कसं आहे?"
"तसंच," म्हटलं.
रजिस्टरमध्ये रकाना कोरा सोडला.

११ मे, रविवार
चार दिवस कामावर डोकं दुखतंय. आज बाबांना सांगितलं. माझं म्हणून नाही सांगितलं, 'एका मुलीचं असं झालंय' असं. बाबा लगेच म्हणाले, "तू लिहिलंस?" तीस वर्षं फाटकावर काढलेल्या माणसापासून काय लपतंय.

बराच वेळ ते गुडघा चोळत बसले. मला वाटलं रागावतील. म्हणाले, "का लिहिलंस?"
"त्यांना वाईट वाटू नये म्हणून."
"कोणाला?"
"काकूंना. दुसऱ्या कोणाला?"
 तेवढ्यात फोन वाजला, आईचा. या वेळी दुपारी दोनला. मी मान हलवली. बाबांनी रिसीव्हर उचलला, नेहमीचं 'ती बाहेर गेलीय' म्हणाले, पण आज आवाज वेगळा लागला. फोन ठेवून म्हणाले, "ती विचारत होती, ही कायम बाहेरच असते का म्हणून."
मी म्हटलं, "बाबा, आत्ता मला हे नका सांगू. माझं काय चाललंय बघताय ना?"
"बघतोय," म्हणाले आणि आत गेले. त्यांना आज एकदम काय झालं कोण जाणे. माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं सोडून आईचा विषय.

उद्या मॅडमकडे जाते. अभ्यासरजा गेली तर गेली. नोकरीही जाईल कदाचित.

१२ मे, सोमवार
सांगितलं. उभं राहूनच सांगितलं, बस म्हणाल्या तरी बसले नाही, नाहीतर पुन्हा उठवलं नसतं.

मॅडमनी रजिस्टर मागवलं आणि एकेक बुधवार उघडून माझ्यासमोर ठेवला. नऊ वेळा. दर वेळी विचारलं, "हे अक्षर कोणाचं?" दर वेळी "माझं" म्हणावं लागलं. चौथ्यापासून मी आधी अक्षर वाचल्यासारखं करायला लागले. त्यांनी घाई केली नाही.

शेवटी म्हणाल्या, "एका माणसाचे सहा महिने."
"हो मॅडम."
"आणि तुला वाटत होतं तू दया करतेयस."


लेखी कबुली दिली. एक वर्षाची वेतनवाढ बंद, पाच जूनपासून खिडकीवरून अभिलेख खोलीत बदली. समितीला आजच पत्र गेलं, सत्तावीस तारखेला फेरसुनावणी. मी निघाले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "रजेचा प्रस्ताव मी मागे घेतलेला नाही." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आपण होऊन चूक सांगायला आलेली माणसं इथे मी फार पाहिली नाहीत. नोंदीची किंमत आता तुला पुस्तकातून शिकायला नको. जा, फौजदारी न्याय कर आणि परत ये."

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

१४ मे, बुधवार
काकूंना सांगायचा दिवस. सकाळपासून वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य 'तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून' असं सुरू होत होतं. शेवटी सगळी खोडली.

त्या खिडकीशी आल्या. मी म्हटलं, "काकू, ती आजारी नव्हती. एकदाही नाही. ती भेटायला नको म्हणत होती. आजाराचं मी खोटं सांगितलं आणि तसंच लिहिलं. त्या लिहिण्यामुळे तिची सुटका पुढे गेली आहे."

त्या ऐकत होत्या. मग पिशवीतून मोजे काढले, दोन्ही पुरे झाले होते. खिडकीच्या फळीवर ठेवले. म्हणाल्या, "मी रोज हिच्या तापासाठी उठत होते गं. पहाटे उठून वाटायचं, आज उतरला असेल का." माझ्याकडे पाहिलंही नाही. "मला नको म्हणाली तर नको म्हणाली. मी दोनदा ऐकलं होतं ना? मेले होते का?"

पाणी देऊ का विचारलं. "नको. तुमच्या हातचं नको."

मोजे फळीवरच राहिले. कुलूपताईने उचलून ड्रॉवरमध्ये ठेवले.

१६ मे, शुक्रवार
नियमाप्रमाणे माझा जबाब काकूंच्या मुलीसमोर वाचून दाखवायचा होता. सात वर्षांत मी आतल्या बायकांशी टेबलाच्या एकाच बाजूला कधी बसले नव्हते. ती माझ्याच वयाची निघाली. बोटं लांब, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. जबाब संपल्यावर मी माफी मागितली.

ती म्हणाली, "इथे उठायचं कधी, जेवायचं काय, दिवा कधी बंद, सगळं दुसऱ्याचं. माझं म्हणून एकच होतं, बुधवारी 'नाही' म्हणायचं. तेवढंच तुम्ही घेऊन गेलात."

 मग विचारू नये ते विचारलं, "आईवर इतका राग आहे?"

तिने मान वर केली. "राग? तिने बरोबर केलं. माझी हिंमत झाली नाही ते तिने केलं. एक माणूस रस्त्यात पडला होता आणि मी घरी येऊन हात धुतले." मग म्हणाली, "खटला चालू होता तेव्हा ती भेटायला यायची. समोर बसली की माझी माफी मागायची. 'मी तुला दिलं, मला माफ कर.' दर वेळी. तिने माफी मागितली की ते चूक होतं ना? मग बरोबर काय राहिलं माझ्याकडे? मला तेवढं एक बरोबर लागतं."

जाताना दारातून वळली. "तिला सांगा, माफी मागणार नसलीस तर ये. असंच सांगा. गोड करून नको."

१८ मे, रविवार
आईचा फोन यायच्या आधीच बाबांना म्हटलं, आज खरं ते सांगा. सांगा की ती घरात आहे आणि तिला बोलायचं नाही. खोट्याचा वीट आलाय मला.

"तूच सांग की," बाबा म्हणाले.
"मला बोलायचं नाही हेच सांगायचंय, तर मी कशी सांगणार?"

संध्याकाळी सातला आला. बाबांनी सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, नळ बंद केला होता.  मग ते म्हणाले, "नाही, कधीच नव्हती बाहेर." मग "हो." मग "हो, ठेवतो."

मी विचारलं काय म्हणाली. "हसली. म्हणाली, मग मी उगाच वेळ बदलून बदलून फोन करत होते. वाटायचं, एखाद्या वेळी ती घरात सापडेल."

खरं सांगितल्याने बरं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

२१ मे, बुधवार
काकू आल्या. मला वाटलं नव्हतं येतील. मुलीचा निरोप दिला, शब्द न् शब्द तसाच.

त्या खिडकीला धरून उभ्या राहिल्या. "माफी मागायची नाही?"
"नाही म्हणाली."
"मग मी बोलू काय?" खरंच विचारत होत्या. "चार वर्षं मी दुसरं काही ठरवलंच नाहीये बोलायचं."

मला उत्तर येत होतं. तीन-चार येत होती, एकापेक्षा एक बरी. एकही दिलं नाही. म्हटलं, "मला माहीत नाही काकू."

त्या आत न जाता परत गेल्या.

२७ मे, मंगळवार
फेरसुनावणी. मी साक्षीला. दाराबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई होत्या, साठीच्या, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. मला म्हणाल्या, "तुम्ही तिच्या कोण?" मी म्हटलं, इथे नोकरीला आहे. त्या म्हणाल्या, "माझे यजमान सायकलवर होते."

 पाण्याची बाटली माझ्या हातातच होती, ती पुढे केली नाही.

"मागच्या खेपेलाही आले होते," त्या म्हणाल्या. "मला विरोध करायचा नाही. सुटू दे तिला. पण मी आले होते, एवढं कुठे तरी लिहायला नको का?"

मी उठून आत कारकुनाकडे गेले. त्याने कागद उलटसुलट करून दाखवला. कैद्याचे नातेवाईक, वकील, साक्षीदार, सगळ्यांना रकाना आहे. मेलेल्याच्या घरच्यांना नाही. "कुठे लिहू, तुम्हीच सांगा," तो म्हणाला, आणि त्याचं चूक नव्हतं.

परत येऊन बाईंना तसंच सांगितलं. रकाना नाही म्हटलं. त्या रडल्या. पर्स उघडली नाही, डोळे पुसले नाहीत. मी शेजारी बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. थांबवावंसं फार वाटलं. हात मांडीखाली घालून बसले होते, शेवटी बोटांना मुंग्या आल्या.

मग मला आत बोलावलं. मी सांगायचं ते सांगितलं. 'वृत्ती अप्रामाणिक' हा शेरा खोडला गेला. सुटकेचा हुकूम जुलैचा झाला.

पण तो रकाना डोक्यातून जात नाही. तो व्हायला हवा. असे रकाने करणारे लोक फौजदारी न्याय शिकूनच तयार होतात, समाजकार्य शिकून नाही. मॅडमचं म्हणणं आज पहिल्यांदा आतून पटलं. चार दिवस राहिलेत.

२९ मे, गुरुवार
दिवसभर दोन्ही बाजूंनी भांडले स्वतःशी. बाबांनी विचारलं, "ठरलं का?" म्हटलं, सकाळी एक ठरतं, दुपारी दुसरं. "मग दुपारचं झोपू नकोस," म्हणाले.

३० मे, शुक्रवार
मॅडमना सांगितलं, समाजकार्य घेतेय.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळं होऊनसुद्धा? दयेने काय झालं ते बघितलंस ना?"
"बघितलं म्हणूनच, मॅडम. मला ते येत नाही."
"मग जे येतं ते कर."
"नोंद मला येते. बाबांमुळे लहानपणापासून येते. ती मी दिवसा करीनच, अभिलेख खोलीत आहेच ना. पण समोरच्याचं दुःख मला दोन मिनिटं सोसत नाही. लगेच काहीतरी देऊन मोकळी होते. ते काकूंसाठी नव्हतं मॅडम, माझ्यासाठी होतं."

हे मी आधी ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं आणि मग मीच ऐकत राहिले.

मॅडमनी रजेचा कागद फाडला नाही, नीट घडी करून फाईलला लावला. म्हणाल्या, "त्या बाईंचा रकाना?"
"अर्ज आणलाय." पुढे केला. सायकलवाल्याच्या पत्नीच्या नावाने नाही, माझ्या नावाने. सुनावणीला आलेल्या पीडिताच्या घरच्यांची हजेरी नोंदवावी म्हणून.
त्यांनी वाचला. "यातली दुसरी ओळ कच्ची आहे," म्हणाल्या, आणि पेन परत उचललं. आम्ही अर्धा तास त्या ओळीवर बसलो.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तीन वर्षं संध्याकाळी मला एकट्याला जेवायला लागणार." एवढंच. वाईट वाटलं त्यांना, दिसत होतं. मी म्हटलं नाही की तसं काही नाही. "हो बाबा," म्हटलं. मग त्यांनीच विचारलं, "वर्ग किती वाजता सुटतो?"

मी घेतलंय ते चुकलंही असेल. दोन वर्षांनी मॅडमच्या खुर्चीत कोणी दुसरी बसलेली बघून पोटात तुटेल, हे आत्ताच लिहून ठेवते.

४ जून, बुधवार
खिडकीवरचा शेवटचा दिवस. मागच्या बुधवारी काकू आल्या नव्हत्या. आज सव्वाअकराला आल्या. नवं पोलकं, केस नीट विंचरलेले. माझ्याशी कामापुरतं बोलल्या, सही केली. मी आत निरोप धाडला. कुलूपताई गेली.

ती परत आली तेव्हा एकटी नव्हती.

चार नंबरच्या टेबलाशी दोघी समोरासमोर बसल्या. मी खिडकीतून बघत होते, बघू नये तरी. पहिली काही मिनिटं कोणी तोंड उघडलं नाही. काकूंचे ओठ दोनदा हलले आणि दोनदा मिटले. मुलगी टेबलाकडे बघत होती. मला इतकं वाटलं, इतकं वाटलं की काहीतरी घेऊन जावं तिथे, पाणी, काहीही. खुर्चीला धरून बसले.

मग काकूंनी हात पुढे केला आणि मुलीच्या मनगटाशी वीत लावली. तिथून कोपरापर्यंत, कोपरापासून खांद्यापर्यंत, मापं घेतात तशी. काही बोलल्या. मुलीने उत्तर दिलं. काकूंनी दुसरा हात घेतला, तोही मोजला, आणि मान हलवून काहीतरी असं म्हणाल्या की मुलगी हसली. पुढे दोघी बोलतच राहिल्या. काय ते मला ऐकू आलं नाही.

वीस मिनिटं झाली. मी घंटा वाजवली. कोणी उठलं नाही. कुलूपताईने माझ्याकडे बघितलं आणि मग मुद्दाम भिंतीकडे बघत उभी राहिली. बाकी टेबलं रिकामी होती. पाच मिनिटं अशीच गेली असती तर कोणाला कळलंही नसतं.

मी उठले, दारातून आत गेले, चार नंबरच्या टेबलाशी उभी राहिले.

"काकू, वेळ संपली."

त्यांनी वर बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे. "दोन मिनिटं?"

"नाही काकू."

त्या उठल्या. मुलीच्या बाहीची शिवण उसवली होती, ती चिमटीत धरून बघितली, सोडली. "बुधवारी," म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "हो."